नीळ, कॉफी आणि भिंतीवरचं एक नाव

"कुठे जाताय म्हणालीस? एल... काय?"

आईने फोनवर तीनदा विचारलं. मग भावाने गूगल केलं आणि उलट फोन करून सांगितलं की तिथे रोज माणसं मारतात, तुम्हाला दुसरं ठिकाण नाही का मिळालं? आता काय सांगणार! ठिकाण आम्ही निवडलं नव्हतं. २०१७ च्या नोव्हेंबरात नवऱ्याचं आठवडाभराचं काम सान साल्वादोरला निघालं आणि मी त्याच्यामागे शेपटासारखी लागले. सासूबाई तेव्हा आमच्याकडे मेरीलँडला आलेल्या होत्या. लेकीकडे बघायला त्या होत्या आणि 'तीया' होत्याच.

तीयांबद्दल आधी सांगते. लेक सहा महिन्यांची असल्यापासून त्या तिला सांभाळायला येतात. स्पॅनिशमध्ये मावशी, आत्या, काकू सगळ्यांना एकच शब्द, तीया. लेक म्हणते म्हणून आम्हीही त्यांना तीयाच म्हणतो. त्या एल साल्वादोरच्या. वॉशिंग्टनच्या आसपास त्यांच्या देशाची माणसं इतकी आहेत की आमच्या गल्लीच्या टोकालाच पुपुसांचं दुकान आहे. (पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठाची जाड, थापलेली भाकरी, पोटात घेवड्यासारख्या दाण्यांचं सारण आणि चीज. सोबत कोबीचं आंबट लोणचं. सासूबाईंनी पहिल्या घासाला निकाल दिला, "ही तर भरलेली भाकरी!")

आम्ही जाणार हे कळल्यावर तीया दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जाताना माझ्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. त्यावर चार शब्दांचं एक नाव होतं आणि खाली एक साल, १९८२.

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "कुस्कातलान पार्कमध्ये एक भिंत आहे. तिच्यावर त्याचं नाव आहे म्हणतात. बघून याल?"

भाऊ सतरा वर्षांचा होता. बसमधून उतरवून घेतला, आणि पुढे काहीच कळलं नाही. ती भिंत उभी राहिली २००३ साली, आणि तीया अमेरिकेत आल्या २००० साली. २००१ च्या भूकंपांनंतर अमेरिकेने त्यांच्यासारख्यांना तात्पुरत्या संरक्षणाचा परवाना दिला. तो दर दीड वर्षाने वाढवून घ्यायचा. एकदा देशाबाहेर गेलं तर परत येता येईल याची खात्री नाही, म्हणून त्या सतरा वर्षांत एकदाही घरी गेल्या नव्हत्या. त्या महिन्यात तर तो परवानाच रद्द होणार अशा बातम्या होत्या. कागदासोबत त्यांनी लेकीच्या डबीतला एक मेणाचा खडूही दिला. नावावर कागद ठेवून घासायला. फोटो नको का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "फोटोपण काढा."

असो. तर अशी आमची यात्रा सुरू झाली.

देश केवढासा? महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा सतरा हजार चौरस किलोमीटरचा, आणि हा अख्खा देश एकवीस हजारांचा. मध्य अमेरिकेतल्या सात देशांत सगळ्यात लहान. अटलांटिकच्या बाजूचा किनारा नसलेलाही हाच एक. पण तेवढ्यात ज्वालामुखी किती! राजधानीच्या डोक्यावरच एक बसलेला आहे. तो शेवटचा उसळला १९१७ च्या जूनमध्ये. तेव्हा त्याच्या मुखातलं तळं आटून गेलं आणि तळाशी एक छोटी टेकडी तयार झाली. आम्ही वर जाऊन वाकून पाहिलं. मोठ्या परातीत कुणी मूठभर राखेचा ढीग घालून ठेवावा तशी ती दिसते.

सान साल्वादोर ज्या खोऱ्यात वसलंय त्याला जुनं नाव आहे 'झोपाळ्यांचं खोरं'. जमीन इतक्यांदा हलते म्हणून. १८५४ च्या भूकंपात शहर असं पडलं की राजधानी थोडी पलीकडे हलवायची म्हणून नवं गाव आखलं गेलं. पण काही वर्षांत मंडळी परत जुन्या जागी आली. मग १९८६ चा भूकंप, मग २००१ चा. हा शेवटचा १३ जानेवारीला झाला, आणि तेरा दिवसांनी, २६ जानेवारीला, आपल्याकडे भूज हादरलं. त्या दिवशी मी टीव्हीसमोरून हलले नव्हते, ते आठवलं. एल साल्वादोरची बातमी मात्र मला आठवेना. तीयांना भूज आठवत होतं. "तुमच्याकडेही झालं होतं ना?" असं त्यांनी मला पहिल्या भेटीतच विचारलं होतं.

म्हणून शहरात जुनं असं फार काही उभं नाही. आम्हाला सगळ्यात आवडलं ते एल रोसारिओ चर्च. बाहेरून बघाल तर विमान ठेवायची जुनी शेड वाटेल, काळवंडलेलं काँक्रीट, ना कळस ना नक्षी. आत पाऊल टाकलं आणि आम्ही दोघंही गप्प. छताची प्रचंड कमान आणि तिच्या पायऱ्यापायऱ्यांत बसवलेल्या रंगीत काचा. दुपारचं ऊन त्यातून झिरपून फरशीवर, बाकांवर, माणसांच्या खांद्यांवर इंद्रधनुष्य सांडलेलं. रुबेन मार्तीनेस या शिल्पकाराचं हे काम, १९७१ साली पुरं झालेलं. स्पेनपासूनच्या स्वातंत्र्याचा पुढारी, पाद्री होसे मातियास देल्गादो, याच चर्चमध्ये पुरलेला आहे.

पण या देशाचा इतिहास मला समजला तो शहरात नाही, सुचितोतो नावाच्या गावात. आणि तोही एका रुमालामुळे.

सुचितोतो राजधानीहून तासा-दीड तासावर. दगडी गल्ल्या, पांढरं चर्च, खाली धरणाचं तळं. तिथे एका अंगणात नीळ रंगवायला शिकवतात. मी आपली हौशीने बसले. बाईंनी पांढरा रुमाल दिला, दोरे बांधायला शिकवलं, आणि पिंपात बुडवायला सांगितला. बाहेर काढला तर हिरवा! मला वाटलं माझंच काही चुकलं. बाई हसल्या, म्हणाल्या थांबा. वाऱ्यावर धरला आणि डोळ्यांदेखत तो निळा होत गेला. रंग पाण्यात येत नाही, हवेत येतो.

पूर्वी ही नीळ काढायची रीत अशी. झुडपं कापून मोठ्या हौदात भिजत घालायची, कुजू द्यायची, मग ते पाणी तासन् तास घुसळायचं, गाळ खाली बसला की वाळवून वड्या करायच्या. कुजलेल्या पाल्यावर माश्यांचे थवे, दुर्गंधी आणि आजार. त्या हौदांवर स्थानिक लोकांना जुंपू नका असे हुकूम स्पेनच्या राजाने सोळाव्या शतकातच काढले होते. हुकूम कागदावर राहिले आणि माणसं हौदात.

हे सगळं ऐकताना मला सारखं वाटत होतं, अरे, ही गोष्ट मी शाळेत शिकलेय! फक्त गावांची नावं वेगळी होती. आपल्याकडे बंगालमधला १८५९ चा निळीचा उठाव, मग १९१७ चा गांधीजींचा चंपारण. झाड सुद्धा चुलतभाऊच, एकाच कुळातल्या दोन जाती. आणि नुसता सारखेपणा नाही, थेट नातंच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी बंगालमध्ये निळीचे मळे वाढवले. ती नीळ युरोपच्या बाजारात उतरली आणि मध्य अमेरिकेच्या निळीचा भाव पडायला लागला. त्यात इकडे टोळधाडी आल्या आणि युद्धांमुळे जहाजं अडली. म्हणजे बंगालच्या रयतेच्या मानेवर बसवलेलं जू सुचितोतोच्या शेतकऱ्यालाही काचत होतं. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. पुढे १८९७ मध्ये जर्मनीत कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि दोघांच्याही हौदांचं काम हळूहळू संपलं.

नीळ बसायला लागली तसा सान साल्वादोरच्या सत्ताधाऱ्यांनी दुसरा पर्याय शोधला, कॉफी. पण कॉफीला लागते ज्वालामुखीच्या उतारावरची उंच, काळी माती. आणि त्या उतारांवर तर पीपील लोकांची गावं होती, गावाच्या मालकीच्या सामाईक जमिनी होत्या. मक्याच्या, घेवड्याच्या, सरपणाच्या. मग १८८१ आणि १८८२ साली कायदे झाले आणि सामाईक मालकीच रद्द झाली. जमीन ज्याच्या नावावर होईल त्याची. ज्याला कचेरी माहीत, कागद माहीत, त्याची झाली. (हे वाचताना आपल्याकडच्या गायरानांची आठवण ज्यांना येईल त्यांना येऊ दे.) काही वर्षांत उतारच्या उतार थोड्या घराण्यांच्या हाती गेले. 'चौदा कुटुंबं' असा शब्दच तिथे रूढ आहे. आकडा काटेकोर नाही, पण अर्थ सगळ्यांना कळतो.

आम्ही पश्चिमेला इसाल्कोलाही जाऊन आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सावलीच्या झाडांखाली कॉफीची झुडपं, नोव्हेंबर म्हणजे तोडणीचा हंगाम, लाल लाल फळं. फार सुंदर रस्ता. इसाल्कोचा ज्वालामुखी १७७० पासून जवळजवळ दोन शतकं सतत धगधगत होता. समुद्रातल्या खलाशांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'पॅसिफिकचा दीपस्तंभ'. तो १९५८ च्या सुमाराला विझला. आता नुसता काळा, बोडका शंकू.

त्याच्या पायथ्याशी, असुन्सिओन चर्चशेजारी, एक मोकळं मैदान आहे, 'एल यानितो'. साधी गवताची जागा. खाली किती माणसं आहेत कुणालाच माहीत नाही.

१९२९ च्या मंदीत कॉफीचा भाव कोसळला. मळेवाल्यांनी मजुरी कापली, काहींनी तोडणीच थांबवली. डिसेंबर १९३१ मध्ये लष्कराने निवडून आलेला अध्यक्ष घालवला आणि जनरल मार्तीनेस गादीवर आला. २२ जानेवारी १९३२ च्या रात्री पश्चिमेकडच्या गावांतले मजूर कोयते घेऊन उठले. त्यांच्या हातून मेलेल्यांची संख्या शंभराच्या आसपास धरतात. उठाव दोन-तीन दिवसांत मोडला, पण मारणं आठवडे चाललं. अंदाज दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत जातात. इसाल्कोचा पीपील प्रमुख फेलिसियानो आमा याला गावातच फासावर लटकवलं. बंडाचा एक पुढारी फाराबुंदो मार्ती याला १ फेब्रुवारीला गोळी घातली. बंडात कोण होतं हे शोधायला वेळ नव्हता, मग खूण कसली धरली? देशी पेहराव, देशी चेहरा, हातात कोयता. या घटनेला तिथे एकच शब्द आहे, 'ला मातान्सा'. कत्तल.

आणि नंतर काय झालं? बायकांनी आपले विणलेले घागरे पेटीत ठेवून दिले. आयांनी मुलांशी नावात भाषेत बोलणं बंद केलं. मला हे फार लागलं. मी परदेशात राहून लेकीशी मराठी बोलायला धडपडते, आणि ती इंग्रजीत उत्तर देते म्हणून कुरकुरते. तिथल्या आयांनी मूल जगावं म्हणून स्वतःच्या तोंडाला कुलूप लावलं. आज ती भाषा बोलणारे थोडकेच म्हातारे उरलेत.

हे झाल्यावर पुढचं सगळं कळायला सोपं जातं. जमीन नाही म्हणून लाखो साल्वादोरी शेजारच्या होंडुरासमध्ये गेले. तिथून त्यांना हुसकलं तेव्हा १९६९ साली दोन देशांत चार दिवसांची लढाई झाली. जगाने तिला 'फुटबॉलची लढाई' म्हणून हसून घेतलं. सामने निमित्ताला होते, दुखणं जमिनीचं होतं. सत्तरच्या दशकात शेतकरी संघटना, विद्यार्थी, शिक्षक, चर्चमधले तरुण पाद्री रस्त्यावर आले, आणि त्यांच्यामागे मारेकरी टोळ्या लागल्या.

१९७७ मध्ये ओस्कार रोमेरो आर्चबिशप झाले तेव्हा श्रीमंतांना बरं वाटलं होतं. पुस्तकात रमणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. तीनच आठवड्यांत त्यांचा मित्र, खेड्यात काम करणारा पाद्री रुतिलिओ ग्रांदे, एका म्हाताऱ्यासह आणि एका मुलासह रस्त्यात मारला गेला. रोमेरो बदलले. दर रविवारी त्यांचं प्रवचन रेडिओवरून देशभर जायचं आणि त्यात ते त्या आठवड्यात मारलेल्यांची, पळवून नेलेल्यांची नावं वाचायचे. कुणाला, कुठे, कोणत्या दिवशी. वर्तमानपत्रं जे छापत नव्हती ते तिथे ऐकायला मिळे. तीया सांगतात, रविवारी सकाळी गावातून चालत गेलं तरी प्रवचनाचं एक वाक्य चुकत नसे, इतक्या घरांत रेडिओ लागलेला असायचा. २३ मार्च १९८० ला त्यांनी सैनिकांना उद्देशून सांगितलं की हे मरणारे तुमचेच भाऊ आहेत, असला हुकूम पाळायला तुम्ही बांधलेले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कर्करोग्यांच्या एका छोट्या रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये, मिसा सांगताना त्यांना गोळी घातली.

ते चॅपेल आम्ही पाहिलं. आपल्या एखाद्या शाळेच्या प्रार्थना-हॉलएवढं. रस्त्यासमोरचा दरवाजा आणि वेदी यांच्यात अंतर ते किती! समोरच त्यांचं घर, तीन लहान खोल्या. एक पलंग, एक टाइपरायटर, आणि काचेच्या कपाटात रक्ताने माखलेला तो झगा. छातीवर एक अगदी बारीक भोक. नवरा माझा काही देवाधर्माचा माणूस नाही. तो तिथे बराच वेळ उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर २०१८ ला, रोमेरो संत म्हणून जाहीर झाले. बातमी सांगायला मी फोन केला तर तीया म्हणाल्या, "ते पोपना आत्ता कळलं."

मग बारा वर्षं युद्ध. एका बाजूला अमेरिकेच्या पैशावर चाललेलं लष्कर, सरासरी दिवसाला दहा लाख डॉलरच्या वर, आणि दुसऱ्या बाजूला डोंगरांतले गनीम, ज्यांनी आपल्या संघटनेला फाराबुंदो मार्तीचंच नाव दिलं होतं. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते आणि आसपासच्या वाड्यांत लष्कराच्या एका बटालियनने हजाराच्या जवळपास माणसं मारली, त्यांत निम्म्याहून जास्त मुलं. सगळं मिळून पंचाहत्तर हजार माणसं गेली. तहावर सह्या झाल्या १६ जानेवारी १९९२ ला, मेक्सिकोच्या चापुल्तेपेक किल्ल्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १५ मार्च १९९३ ला अहवाल दिला. आयोगाकडे आलेल्या तक्रारींपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्क्यांत बोट सरकारी दलांकडे आणि त्यांच्या साथीदारांकडे होतं, तर पाच टक्क्यांत गनिमांकडे. आणि अहवालानंतर पाचच दिवसांत तिथल्या संसदेने सगळ्यांना माफी देणारा कायदा केला. तो त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो थेट जुलै २०१६ मध्ये.

आम्ही होतो त्या आठवड्यात तिथल्या येशूसंघी विद्यापीठात स्मरणाची रात्र होती. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे सैनिकांनी आवारात शिरून सहा पाद्री-प्राध्यापकांना मारलं. त्यांच्याबरोबर स्वयंपाक करणाऱ्या एल्बा आणि तिची सोळा वर्षांची मुलगी सेलीना. साक्षीदार नकोत म्हणून. आपल्या घराजवळ गोळीबार चाललाय म्हणून मायलेकी त्या रात्री सुरक्षित जागी झोपायला आल्या होत्या. एल्बाचा नवरा तिथेच माळी होता. जिथे प्रेतं सापडली त्या हिरवळीवर त्याने गुलाब लावले. ती बाग अजून आहे.

त्या संध्याकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर मुलंमुली गुडघ्यांवर बसून काहीतरी करत होती. जवळ गेले तर रांगोळी! रंगवलेल्या मिठाची रांगोळी. चेहरे, मक्याची कणसं, कबुतरं, नावं. मला इतकं घरच्यासारखं वाटलं की मी एका मुलीच्या शेजारी बसून किनारीत थोडं मीठ भरूनच आले. मग कागदी कंदील घेऊन मिरवणूक निघाली आणि ती त्या सगळ्या रांगोळ्यांवरून चालत गेली. पुसण्यासाठीच काढलेल्या! कुणीतरी माइकवरून एकेक नाव घेत होतं आणि सगळा जमाव एका आवाजात ओरडत होता, "प्रेसेंते!" म्हणजे 'हजर'.

शेवटच्या दिवशी कुस्कातलान पार्क. काळ्या ग्रॅनाइटची पंच्याऐंशी मीटर लांब भिंत आणि तिच्यावर पंचवीस हजारांहून जास्त नावं. वर्षावर्षाप्रमाणे लावलेली, मारले गेलेले वेगळे आणि बेपत्ता झालेले वेगळे. मी १९८२ पाशी गेले, बेपत्तांच्या यादीत नाव शोधायला लागले. नाव नाही. परत वरून खाली. नाही. १९८१ पाहिलं, १९८३ पाहिलं. ऊन चढत होतं, नवरा घड्याळ बघत होता, आणि माझ्या घशाशी काहीतरी यायला लागलं. परत जाऊन तीयांना काय सांगू? नाव नव्हतं म्हणून?

शेजारच्या बाकावर एक आजोबा पेपर वाचत बसले होते. त्यांनी हाक मारून कागद मागितला, वाचला आणि कागदावरच्या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. मी आपली आपल्या पद्धतीने शेवटचं ते आडनाव धरून शोधत होते. त्यांच्याकडे आधी वडिलांचं आडनाव येतं, मग आईचं. यादी वडिलांच्या आडनावावर. एवढी साधी गोष्ट! दोन मिनिटांत सापडलं. खांद्याच्या उंचीवर. चारही शब्द बरोबर, स्पेलिंगही बरोबर.

कागद धरून मी खडू घासला. पहिला कागद हलला. दुसरा नीट आला. आजोबांना विचारलं, तुमचं कुणी आहे का इथे? त्यांनी भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडे मान हलवली आणि पुन्हा पेपर उघडला.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे परवा फोनमधले ते जुने फोटो सापडले. मधल्या काळात तो देश फार बदललाय. आम्ही गेलो तेव्हा टोळ्यांची भीती होती. त्या टोळ्या मुळात लॉस एंजेलिसमध्ये युद्धाच्या निर्वासितांच्या मुलांत फोफावल्या आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेने परत पाठवलेल्यांबरोबर घरी पोचल्या. २०१५ साली दर लाखामागे शंभरच्या वर खून होत होते. २०१९ मध्ये नायीब बुकेले अध्यक्ष झाले, मार्च २०२२ पासून आणीबाणी लागली, ऐंशी हजारांहून जास्त माणसं आत गेली. खून खरोखरच खूप कमी झाले. तीयांची बहीण सांगते की ती आता रात्री नऊला एकटी पुपुसा आणायला जाते, आणि तिचा आनंद खोटा म्हणायचा मला काय अधिकार? पण पकडलेल्यांत निरपराधही आहेत, आणि मुलगा कुठल्या तुरुंगात आहे हे विचारत आया पुन्हा दारांशी उभ्या राहिलेल्या जगाने पाहिल्या. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तीया दोन्ही सांगतात, त्याच सुरात.

आणि नीळ गेली, कॉफी बरीचशी गेली, तर मग आज तो देश बाहेर काय पाठवतो? माणसं. परदेशातून ती जे पैसे घरी धाडतात ते देशाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भरतात. तीया दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पैसे पाठवतात. त्यांच्या परवान्याची मुदत कोर्टकचेऱ्यांतून वाढत राहिली आणि त्या अजून आमच्या गल्लीच्या टोकालाच राहतात.

त्या वेळी परत आलो त्या रात्रीच त्या घरी आल्या होत्या. मी कागद दिला. त्यांनी तो टेबलावर सपाट केला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. रडतील असं वाटलं होतं, पण रडल्या नाहीत. विचारलं, "वर-खाली कोण आहे?"

मी फोनवर फोटो मोठा करून दाखवला. त्या चष्मा लावून एकेक नाव वाचायला लागल्या. वरचा ओळखीचा नव्हता. खालून दुसरा त्यांच्याच गावचा निघाला, विहिरीपलीकडच्या घरातला. तो भिंतीवर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्या पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या, या वेळी मोठ्याने, आणि प्रत्येक नावानंतर थांबून स्वतःच हळूच म्हणत होत्या, "प्रेसेंते."

सासूबाईंना स्पॅनिशचा गंध नाही. त्या ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि हात पुसत मला विचारलं, "काय म्हणतायत गं त्या?"

म्हटलं, "हजेरी घेतायत."

त्या तीयांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. यादी संपेपर्यंत कुणी उठलं नाही.